नॅस डोमेनला जोडताना: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगावात राहून नेटवर्कची कामं करतो. गिऱ्हाइकं म्हणजे चोपडा-यावलकडच्या जिनिंग, रावेरचे केळीवाले, दोंडाईच्याचे मिरची व्यापारी, सराफ बाजारातली दुकानं, दोन-चार पतसंस्था आणि एखाद-दुसरं कॉलेज. नॅस, म्हणजे नेटवर्कवर लावलेला हार्डडिस्कचा डबा, आता बहुतेकांकडे आहे. तो डोमेनला, म्हणजे एकाच सर्व्हरच्या ओळखयादीवर चालणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कला, जोडायला कुणी घेतला की रात्री नऊनंतर माझा फोन वाजतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. विचारणाऱ्यांचे शब्द शक्यतो तसेच ठेवलेत, शिव्या तेवढ्या गाळल्यात.

१. आमचं नॅस नीट चालतंय. ते डोमेनला जोडलं की नेमकं काय बदलतं? फाइली हलतात का?

फाइली जागच्या जागी राहतात. बदलतं ते एवढंच, की आलेला माणूस कोण हे कुणी ठरवायचं.

सध्या तुमच्या नॅसकडे युजरची स्वतःची एक वही आहे. नाव, पासवर्ड सगळं त्यातच. डिरेक्टरी म्हणजे पूर्ण ऑफिसची एकच वही, आणि ती सर्व्हरवर असते. नॅस डोमेनला जोडलं की पासवर्ड तपासायचं काम ते सर्व्हरवर सोपवतं. सकाळी कॉम्प्युटर ज्या पासवर्डने उघडला, त्याच ओळखीवर शेअर फोल्डरही उघडतं, पुन्हा विचारणा होत नाही. कुणी नोकरी सोडली की सर्व्हरवर त्याचं खातं बंद करायचं, नॅसवर जाऊन वेगळं काही करावं लागत नाही.

कुणाला कोणतं फोल्डर दिसावं हे मात्र तुम्हालाच नॅसवर ठरवावं लागतं. ते आपोआप होत नाही. त्यासाठी प्रश्न ९.

२. आम्ही सहाच माणसं आहोत. तरी करायचं का?

नका करू. सहा माणसं, एक नॅस, वर्षानुवर्षं तीच मंडळी असतील तर नॅसवरचेच युजर पुरे. सर्व्हर घ्या, तो सांभाळा, त्याचा बॅकअप घ्या, हे सगळं सहा पासवर्डसाठी कशाला?

माझा हिशेब साधा आहे. माणसं दहाच्या वर गेली, किंवा नॅस एकाची दोन झाली, किंवा माणसं सारखी बदलत असतील, तर जोडा. जिनिंगमध्ये हंगामाला वजनकाट्यावर आणि हिशेबाला नवी मुलं येतात, हंगाम संपला की जातात. तिथे माणसं आठ असली तरी डोमेन कामाला येतं. नाहीतर दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाचा पासवर्ड अजून चालू असतो आणि कुणाच्या ध्यानातही नसतं.

३. सेटिंगमध्ये 'डोमेन' आणि 'एलडॅप' असे दोन पर्याय दिसतात. कोणता निवडू?

सर्व्हर विंडोजचा असेल आणि त्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी) असेल तर 'डोमेन'. यात विचार करण्यासारखं काही नाही.

एलडॅप ही डिरेक्टरीला प्रश्न विचारायची भाषा आहे. मिशिगन विद्यापीठात ती १९९३च्या सुमारास तयार झाली. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली विंडोज २००० बरोबर. ती ही भाषा बोलतेच, शिवाय ओळख पटवायला कर्बरॉस आणि पत्ते शोधायला डीएनएस वापरते. म्हणजे एलडॅप हा तिचा एक भाग झाला.

गंमत अशी की ॲक्टिव्ह डिरेक्टरी असताना 'एलडॅप' निवडलं तरी युजरची यादी झकास दिसते. माणूस खूश होतो. मग फोल्डर उघडायला जातो आणि पासवर्ड नाकारला जातो. धुळ्याच्या एका मित्राने मला रात्री साडेदहाला याच कारणासाठी फोन केला होता: "डबा नाव दखाडस, पन पासवर्ड लेस नही."

कारण असं: विंडोजमधून शेअर फोल्डर उघडताना पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जात नाही. नॅस एक कोडं घालतं, कॉम्प्युटर पासवर्डच्या आधारे त्याचं उत्तर देतो. ते उत्तर तपासायला पासवर्डचा एका ठरावीक पद्धतीने केलेला हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, लागतो. साध्या एलडॅप सर्व्हरकडे तो नसतो. सांबासाठीचे (लिनक्सवरून विंडोजसारखे शेअर देणारा प्रोग्राम, प्रश्न ४) जादा रकाने भरलेले असतील तरच असतो. डोमेनला नीट जोडलेल्या नॅसला तो हॅश स्वतःकडे लागतच नाही, ते उत्तर सरळ सर्व्हरकडे तपासायला पाठवतं.

फक्त लिनक्सवरचा एलडॅप सर्व्हर असेल तर 'एलडॅप' हाच पर्याय. तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्याला आधी विचारा, की सांबाचे रकाने भरले आहेत का.

४. विंडोज सर्व्हरचं लायसन्स परवडत नाही. दुसरा मार्ग?

आहे. सांबा हा मोफत प्रोग्राम अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केला. डिसेंबर २०१२मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली, तेव्हापासून लिनक्सचं मशीनसुद्धा ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा सर्व्हर होऊ शकतं. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या नॅस कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलवर डोमेन सर्व्हर व्हायची सोय येते, तिच्याही मुळाशी सांबाच आहे.

माझं मत: फाइलीही त्याच डब्यावर आणि ऑफिसची एकुलती एक वहीही त्याच डब्यावर, हे मला पटत नाही. डबा बंद पडला की फाइली गेल्या आणि कॉम्प्युटरवर लॉगिन करणंही अडलं. पण पंधरा माणसांच्या दुकानात दुसरं मशीन ठेवायची ऐपत नसेल, तर बॅकअप चोख ठेवून हे चालवता येतं. मीही दोन ठिकाणी केलंय.

५. जोडायला बसण्याआधी काय काय हाताशी ठेवू?

डोमेनचं पूर्ण नाव, म्हणजे मधे टिंब असलेलं. नुसतं छोटं नाव पुरत नाही. डोमेन सर्व्हरचा आयपी. नॅसला कायमचा आयपी, राउटरने रोज नवा दिलेला नको. नॅसचं नाव पंधरा अक्षरांच्या आत, कारण विंडोजची जुनी नावपद्धत त्यापुढची अक्षरं कापते. दोन डब्यांची पहिली पंधरा अक्षरं सारखी असतील तर दुसरा जोडताना पहिल्याचं खातं त्याच्या हाती जातं आणि पहिला तुटतो. मग दोघे भांडत बसतात आणि तुम्ही मधे.

शिवाय डोमेनमध्ये मशीन जोडायचा हक्क असलेलं एक खातं (प्रश्न ८) आणि नॅसवरच्या लोकल ॲडमिनचा पासवर्ड, कागदावर लिहून, कपाटात. तो का लागतो ते प्रश्न १४मध्ये आहे.

आणि जोडणीच्या दिवशी बॅकअप घ्या. जोडल्याने फाइली जात नाहीत, पण परमिशनशी खेळताना हात घसरतो.

६. 'डोमेन सापडत नाही' म्हणतंय. पण सर्व्हरला पिंग तर होतंय!

मला येणाऱ्या फोनांत हा पहिल्या नंबरचा. पिंग होणं म्हणजे वायर जोडलेली आहे आणि पलीकडे कुणीतरी जागं आहे, एवढंच.

नॅस डोमेन शोधतं ते डीएनएसला विचारून. प्रश्न साधारण असा असतो: या डोमेनचं लॉगिनचं काम कोणतं मशीन बघतं? या प्रश्नाचं उत्तर फक्त तुमच्या डोमेन सर्व्हरच्या डीएनएसकडे असतं. राउटरला ते माहीत नसतं, आणि ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक डीएनएसला, तर तुमची जिनिंग कुठल्या तालुक्यात आहे हेही ठाऊक नाही. गावातला माणूस गावातच विचारावा लागतो.

तेव्हा नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून डोमेन सर्व्हरचा आयपी टाका. एवढं केलं की दहापैकी आठ वेळा काम होतं.

उरलेल्या दोन वेळा काय असतं?

दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ घातलेला असतो. 'इंटरनेट बंद पडू नये म्हणून' असं प्रत्येक जण सांगतो. पण दुसरा डीएनएस म्हणजे पहिल्याला उत्तर येत नसेल तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सोय नव्हे. पहिला जरा उशीर करतो, नॅस दुसऱ्याकडे जातं, दुसरा ठामपणे 'असं डोमेनच नाही' म्हणतो, आणि नॅस ते खरं मानतं. त्यामुळे जोडणी कधी होते, कधी नाही. ही असली अर्धवट बिघाडं सगळ्यात वाईट. बाहेरचा डीएनएस सर्व्हरवर, त्याच्या फॉरवर्डरमध्ये (स्वतःला माहीत नसलेलं नाव पुढे कुणाला विचारायचं ते सेटिंग) टाका. नॅसला बाहेरचं नाव हवं असेल तर तेही त्याने सर्व्हरलाच विचारावं.

दुसरं, फायबरचा नवा राउटर. तो आयपीव्ही६चा (आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) स्वतःचा डीएनएस गपचूप वाटत असतो. तुम्ही आयपीव्ही४च्या पानावर सगळं बरोबर भरलेलं असतं, आणि नॅस मात्र आयपीव्ही६वाल्याला विचारत असतं. पारोळ्याच्या एका ऑफिसात मी यापायी पूर्ण दुपार घालवली. चहा तीनदा झाला. शेवटी नॅसवर आयपीव्ही६ बंद केलं आणि एका मिनिटात जोडणी झाली.

डोमेनचं नाव '.लोकल'ने संपत असेल तर ॲपल आणि काही लिनक्स मशीनचा गोंधळ होतो, कारण हे शेपूट त्यांनी सर्व्हरशिवाय आपापसात नावं शोधण्यासाठी राखून ठेवलंय. जुन्या डोमेनला इलाज नाही, नवीन बनवताना टाळा.

७. सगळं बरोबर भरलंय, तरी 'घड्याळ जुळत नाही' म्हणतंय. मिनिटभराच्या फरकाने काय बिघडतं?

मिनिटभराने नाही बिघडत. मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपर्यंत चालतं, त्यापुढे कर्बरॉस दार बंद करतो. कुणी जुनी ओळखचिठ्ठी चोरून पुन्हा वापरू नये म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर वेळ असते, आणि वेळ जुळली नाही की चिठ्ठी बाद.

पण खरा घोटाळा टाइमझोनचा. नॅसच्या पडद्यावर सकाळचे अकरा, तुमच्या मनगटावर सकाळचे अकरा. मग चुकतंय कुठे? टाइमझोन ग्रिनिचचा राहिलेला असतो आणि कुणीतरी हाताने काटे पुढे सरकवून अकरा वाजवलेले असतात. आतल्या हिशेबाने नॅस साडेपाच तास पुढे. दिसायला बरोबर, म्हणून कुणी तिकडे बघतच नाही. आधी झोन भारताचा करा, मग वेळ.

चोपड्याकडच्या एका जिनिंगमधला किस्सा. हंगाम संपला, ऑफिस बंद झालं, सर्व्हरही बंद. दिवाळीच्या तोंडावर चालू केला तर नॅस जोडलेलं असूनही कुणालाच फोल्डर उघडेना. नॅसची वेळ तपासली, सेकंदाला बरोबर, इंटरनेटवरून घेतलेली. दीड तास नॅसमध्येच उकरत बसलो. मग सर्व्हरच्या कोपऱ्यातली तारीख दिसली: कैक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल उन्हाळ्यात मेला होता. खरं बोलणाऱ्या नॅसला सर्व्हर खोटं ठरवत होता.

तेव्हापासून नॅसची वेळ मी डोमेन सर्व्हरवरूनच घेतो, आणि सर्व्हरची वेळ बाहेरून. चुकले तर दोघे एकत्र चुकावेत, म्हणजे निदान काम चालतं. बाहेर वेळ घेण्यासाठी १२३ नंबरचं पोर्ट लागतं, फायरवॉलमध्ये ते अडवलेलं नाही ना, बघा. आणि दर उन्हाळ्यात बंद राहणाऱ्या मशीनचा सेल दिवाळीआधी बदलून टाका.

८. जोडताना ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतंय. तो नॅसमध्ये साठून राहतो का? पुढे बदलला तर जोडणी तुटेल?

डोमेनला जोडताना तो एकदाच लागतो. त्या पासवर्डच्या जोरावर नॅस डिरेक्टरीत स्वतःचं खातं उघडतं, त्या खात्याचा पासवर्ड स्वतःच ठरवतं आणि पुढे अधूनमधून स्वतःच बदलतं. त्यामुळे तुम्ही ॲडमिनचा पासवर्ड बदलला तरी काही तुटत नाही.

'एलडॅप' पर्यायाने जोडलं असेल तर मात्र उलट. तिथे दिलेल्या खात्याचा पासवर्ड नॅसमध्ये साठून राहतो आणि तो बदलला की जोडणी बंद पडते. म्हणून तिथे मोठ्या ॲडमिनचं खातं देऊ नका, फक्त यादी वाचायचा हक्क असलेलं वेगळं खातं काढा.

डोमेनलाही मोठ्या ॲडमिनची गरज नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या मूळ सेटिंगमध्ये साध्या युजरलाही दहा मशीनपर्यंत जोडता येतात. शहाणा माणूस ही मुभा शून्यावर आणतो आणि जोडणीसाठी एक वेगळं खातं ठेवतो.

९. जोडणी झाली. आता परमिशन कशा द्यायच्या? एकेका माणसाला टिक करत बसू का?

अजिबात नको. इथे थोडा वेळ द्या, पुढची पाच वर्षं सुखाची जातील.

परमिशन ग्रुपला द्यायची, माणसाला ग्रुपमध्ये टाकायचं. जिनिंगचं उदाहरण घ्या. फोल्डर तीन: हिशेब, वजनकाटा, पगार. हिशेबासाठी दोन ग्रुप करा, एक फक्त वाचणाऱ्यांचा, एक लिहिणाऱ्यांचा. वजनकाट्यासाठी तसेच दोन. पगारासाठी एकच, आणि त्यात मालक आणि मुनीमजी. नॅसवर हे पाच ग्रुप एकदा लावले की नॅसला पुन्हा हात लावायचा नाही. काट्यावरचा मुलगा हिशेबाला बसला? सर्व्हरवर त्याचा ग्रुप बदला, झालं.

परमिशनचे दोन थर असतात हे विसरू नका. एक शेअरचा, म्हणजे वाड्याचा मोठा दरवाजा. दुसरा आतल्या फोल्डरचा आणि फाइलचा, म्हणजे खोलीचं कुलूप. माणसाला दोन्ही उघडावे लागतात. दरवाजावर 'फक्त वाचा' असेल तर खोलीत 'सगळं करा' असून उपयोग नाही. मी दरवाजा त्यातल्या त्यात मोकळा ठेवतो आणि खरी कुलपं आत लावतो. एकाच ठिकाणी बघावं लागतं.

'मनाई' हा पर्याय जपून. माणूस तीन ग्रुपांत असेल आणि दोघांनी परवानगी, एकाने त्याच जागी मनाई दिली, तर मनाई जिंकते. एका पतसंस्थेत कुणीतरी 'डोमेनचे सगळे युजर' या ग्रुपला पगाराच्या फोल्डरवर मनाई लावली. हेतू चांगला. पण त्या ग्रुपमध्ये व्यवस्थापकही येतो, आणि लावणारा स्वतःही. एकच टिक, आणि सगळे बाहेर.

नोकरी सोडलेल्याचं खातं लगेच पुसू नका, नुसतं बंद करा. पुसलं की फाइलींच्या मालकाच्या जागी नावाऐवजी आकड्यांची माळ दिसते आणि कुणी काय बनवलं हे कळेनासं होतं.

ग्रुपची नावं देवनागरीतही चालतात. मी तरी रोमनमध्ये ठेवतो, जुन्या लॉगमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

१०. सर्व्हरवर नवीन युजर टाकला, नॅसच्या यादीत दिसत नाही.

नॅस यादी ठरावीक वेळाने ताजी करतं. डोमेनच्या पानावर यादी अपडेट करायचं बटण असतं, ते दाबा. ग्रुपला परमिशन दिलेली असेल तर बहुतेक वेळा त्याचीही गरज नाही, माणसाचं काम यादीत दिसण्याआधीच सुरू होतं.

११. ग्रुपमध्ये टाकलं, यादीतही आहे, तरी फोल्डर उघडत नाही.

त्याला कॉम्प्युटरवरून लॉगऑफ होऊन परत यायला सांगा. सकाळी लॉगिन करताना मिळालेल्या कर्बरॉसच्या चिठ्ठीत त्या वेळचे ग्रुप लिहिलेले असतात, दुपारी केलेला बदल त्यात नसतो. चिठ्ठी मूळ सेटिंगमध्ये दहा तास चालते, म्हणून 'आज नाही चाललं, उद्या आपोआप चाललं' असे चमत्कार होतात. नुसता पडदा लॉक करून उघडणं पुरत नाही.

हेच काढून टाकण्यालाही लागू आहे. कुणाला तातडीने बाहेर काढायचं असेल तर ग्रुपमधून काढून थांबू नका, नॅसवरून त्याचं चालू कनेक्शनही तोडा.

१२. आयपी टाकला की फोल्डर उघडतं, नाव टाकलं की नाही. मग आयपीच वापरू का?

तात्पुरतं वापरा, कायमचं नको. नावाने गेलात तर कर्बरॉस चालतो. आयपीने गेलात तर विंडोज सहसा ओळख पटवायच्या जुन्या एनटीएलएम पद्धतीवर उतरतं. म्हणजे आयपीने उघडतं आणि नावाने नाही, याचा अर्थ कर्बरॉसची बाजू बिघडली आहे. घड्याळ बघा (प्रश्न ७), डीएनएसमध्ये त्या नावापुढे जुना आयपी नाही ना ते बघा. नॅसला तुम्ही डीएनएसमध्ये दुसरं टोपणनाव दिलं असेल तर ते नाव डिरेक्टरीत नॅसच्या खात्यावरही नोंदवावं लागतं, नाहीतर त्या नावाची चिठ्ठीच निघत नाही.

उलटा प्रकार, नावाने उघडतं आणि आयपीने नाही, हा मुळात बिघाड नसेल. कुणीतरी एनटीएलएम बंद केलंय, किंवा तो माणूस 'प्रोटेक्टेड युजर्स' या ग्रुपमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टने एनटीएलएम जून २०२४मध्ये निवृत्तीच्या यादीत टाकलंय, तेव्हा आयपीची सवय आत्ताच सोडलेली बरी.

१३. मालकांच्या मुलाचा लॅपटॉप विंडोज होमचा आहे, डोमेनला जोडताच येत नाही. त्याला फोल्डर कसं द्यायचं? आणि २४एच२ अपडेटनंतर तर जुना शेअरही बंद झालाय.

होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही हे खरं, पण शेअर वापरता येतो. युजर विचारला की डोमेनचं छोटं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग युजरचं नाव. नुसतं नाव टाकलं तर लॅपटॉप स्वतःचंच नाव पुढे चिकटवतो आणि नॅस म्हणतं, हा कोण?

आधी दुसऱ्या नावाने त्याच नॅसला जोडलेलं असेल तर विंडोज दुसरं नाव घेत नाही, एका सर्व्हरला एका वेळी एकच ओळख चालते. साठवलेले पासवर्ड पुसा, लॉगऑफ व्हा, मग परत जोडा.

२४एच२चं दुखणं वेगळं. विंडोज ११च्या त्या आवृत्तीपासून सहीशिवायची फाइल-देवाणघेवाण नाकारली जाते, आणि प्रो आवृत्तीत पासवर्डाविना 'गेस्ट' म्हणून घुसणंही बंद झालंय. इलाज नॅसवर करा: साइनिंग चालू करा आणि गेस्ट बंद करून खरा युजर द्या. विंडोजची सुरक्षा ढिली करायचा उपाय सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. एसएमबीची (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) पहिली आवृत्ती चालू करा असं कुणी सुचवलं तर मे २०१७चं वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस आठवा, ते त्याच भोकातून पसरलं.

१४. रात्री लाइट जाऊन आली की सकाळी कुणालाच फोल्डर उघडत नाही. नॅस रीस्टार्ट केलं की चालतं. रोजचं झालंय.

लाइट आली की नॅस आधी उठतं, सर्व्हरला वेळ लागतो. उठल्या उठल्या नॅस सर्व्हरला हाका मारतं, उत्तर येत नाही, आणि काही मॉडेल मग रुसून बसतात. रीस्टार्ट केल्यावर सर्व्हर जागा असतो, म्हणून चालतं.

सर्व्हर आणि नॅस दोन्ही यूपीएसवर घ्या आणि मधला स्विचही घ्या. स्विच सगळे विसरतात. दोन्ही मशीन जागी आणि मधला पूल पडलेला, असं चित्र मी कितीदा तरी पाहिलंय. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला लावली की बॅटरी संपत आल्यावर नॅस शिस्तीत बंद होतं. 'लाइट आल्यावर आपोआप चालू हो' हे नॅसवर बंद ठेवा, सकाळी येणारा माणूस आधी सर्व्हर लावेल आणि पाच मिनिटांनी नॅस. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा बंद खोलीत एसीविना रात्रभर चालणाऱ्या डब्यासाठी हे तसंही बरं.

सर्व्हर पूर्णच मेला तर ज्यांच्याकडे सकाळची चिठ्ठी आहे त्यांचं बरेचदा संध्याकाळपर्यंत निभावतं, नव्याने लॉगिन करणारे अडकतात. अशा वेळी नॅसमध्ये शिरायला डोमेनचं खातं उपयोगाचं नाही. प्रश्न ५मधला कपाटातला कागद यासाठी.

१५. नॅसवर आधीच लोकल युजर आहेत आणि डोमेनमध्येही त्याच नावाचे. एकच समजले जातात का?

नाही. नाव सारखं असलं तरी नॅसच्या लेखी ती दोन वेगळी माणसं आहेत, एका गल्लीतल्या दोन पाटलांसारखी. लोकल 'हिशेब१'ने बनवलेली फाइल डोमेनच्या 'हिशेब१'ची होत नाही. जोडणी झाली की प्रत्येक शेअरवर डोमेनचे ग्रुप लावा, ते आतल्या सगळ्या फोल्डरला लागू करा, दोन आठवडे चालू द्या, आणि मग लोकल युजर बंद करा. दोन्ही चालू ठेवले तर कोण कोणत्या नावाने आत आला हे तुम्हालाच कळणार नाही. लोकल ॲडमिन तेवढा राहू द्या.

१६. मुख्य ऑफिस जळगावला, शाखा धुळ्याला. धुळ्याचं नॅस जळगावच्या डोमेनला जोडता येईल?

येईल, दोन्हींच्या मधे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा बंदिस्त खासगी रस्ता, टाकून. व्हीपीएनमधून ही पोर्टं जाऊ द्या: डीएनएसचं ५३, कर्बरॉसची ८८ आणि ४६४, वेळेचं १२३, एलडॅपचं ३८९ आणि त्याचंच सुरक्षित रूप ६३६, ग्लोबल कॅटलॉगचं ३२६८, शिवाय १३५ आणि ४४५. राउटरवर ३८९ किंवा ४४५ थेट इंटरनेटला उघडू नका, कुणी कितीही सोपं आहे म्हणून सांगितलं तरी.

लाइन पडली की धुळ्याचं लॉगिन जळगावच्या वाटेकडे बघत बसेल. शाखेत वीसेक माणसं असतील तर तिथेच दुसरा डोमेन सर्व्हर ठेवा आणि डिरेक्टरीत दोन्ही गावांचे आयपी पट्टे वेगवेगळ्या साइट म्हणून नोंदवा. नाहीतर शेजारी सर्व्हर असताना नॅस जळगावला विचारायला जातं.

१७. आमचे युजर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहेत, सर्व्हरच नाही. नॅस त्याला जोडू?

नाव फसवं आहे. जे आधी अझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होतं त्याचं नाव २०२३मध्ये एन्ट्रा आयडी झालं, आणि बरंच झालं. ती ॲक्टिव्ह डिरेक्टरी नव्हे. नॅसला डोमेनमध्ये घेण्यासाठी लागणारा कर्बरॉस आणि एलडॅप ती त्या पद्धतीने बोलत नाही. नॅसच्या वेब पानावर क्लाउडच्या खात्याने लॉगिन करायची सोय बऱ्याच मॉडेलवर मिळते, पण कॉम्प्युटरवरचा शेअर ड्राइव्ह त्याने उघडत नाही. त्यासाठी एन्ट्रा डोमेन सर्व्हिसेस वेगळी, पैसे भरून घ्यावी लागते आणि तिथपर्यंत व्हीपीएन लागतं. छोट्या ऑफिसला मी सांगतो, नॅसवर लोकल युजर ठेवा.

१८. सर्व्हर जळाला. नवा घेतला, डोमेनचं नाव तेच ठेवलं, युजरही तेच. तरी परमिशन सगळ्या गेल्या!

कारण नाव तेच असलं तरी डोमेन तेच नाही. परमिशन नावावर लिहिलेली नसते, ती एस-१-५-२१ने सुरू होणाऱ्या लांबलचक आकड्यावर लिहिलेली असते. नवीन डोमेन बनवलं की हा आकडा नवा पडतो. नॅसच्या दृष्टीने गावात त्याच नावाची नवी वस्ती आली, जुन्या सातबाऱ्यावर तिचा हक्क नाही.

जुन्या सर्व्हरचा डोमेनसकट घेतलेला बॅकअप असेल तर तो परत आणा, आकडे परत येतील आणि परमिशनही. मग जोडणीच तुटलेली वाटेल, कारण दरम्यान नॅसने स्वतःचा पासवर्ड बदललेला असतो आणि बॅकअपमध्ये जुना असतो. तेवढ्यासाठी नॅस पुन्हा जोडलं की पुरे, परमिशन शाबूत राहतात.

बॅकअप नसेल तर ग्रुप नव्याने बनवा आणि प्रत्येक शेअरवर नव्याने लावा. प्रश्न ९प्रमाणे ग्रुपवर काम केलेलं असेल तर दुपारभराचं काम. एकेका माणसाला टिक केलेल्या एका ठिकाणी आम्हाला चार दिवस लागले.

१९. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सची मशीन आहेत. एनएफएसने (लिनक्सची फाइल शेअर करायची पद्धत) जोडल्यावर फाइलींचा मालक भलताच दिसतो.

लिनक्सला माणूस नावाने कळत नाही, नंबराने कळतो. विंडोजचा लांब आकडा नॅस स्वतःच्या पद्धतीने एका नंबरात बदलतं, लॅबचं मशीन वेगळ्या पद्धतीने. नंबर जुळत नाहीत म्हणून मालक भलता. एकतर दोन्हीकडे नंबर काढायची पद्धत आणि पट्टा सारखा ठेवा, नाहीतर ते नंबर डिरेक्टरीतच नोंदवून दोघांना तिथून वाचायला लावा.

आणखी एक खोडी: एनएफएसच्या साध्या पद्धतीत माणसाचे सोळाच ग्रुप पुढे जातात. सतराव्या ग्रुपमुळे मिळणारं फोल्डर त्याला उघडत नाही आणि कारण कुठेच लिहून येत नाही.

२०. जुनं नॅस विकायचंय. डिस्क काढून दिलं की झालं ना?

आधी नॅसच्या सेटिंगमधून डोमेन सोडा, मग सर्व्हरवर त्याचं खातं पुसलं गेलंय का ते बघा, राहिलं असेल तर हाताने पुसा. 'एलडॅप'ने जोडलेलं असेल तर साठवलेल्या खात्याचा पासवर्ड बदला (प्रश्न ८). मग डबा फॅक्टरी रीसेट करा. डिस्क विकू नका. जुन्या डिस्क मी ड्रिलने भोकं पाडून देतो, त्याचे पैसे घेत नाही.